कौल लावणं

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गावच्या घरी माजघरात आडवं पडलं की जमिनीवर रुपयाएवढा कवडसा दिसतो. सकाळी तो भिंतीवर असतो, मग खाली उतरतो आणि साडेबाराच्या सुमारास कपाटाशेजारी येऊन थबकल्यासारखा वाटतो. दापोलीकडे त्या दिवसांत सूर्य नेमका डोक्यावरून जातो, त्यामुळे त्या वेळचा कवडसा म्हणजे छपरातल्या फटीचा ओळंबाच. पाहुण्यांना तो फार आवडतो. त्यात तरंगणारी धूळ ते मोबाइलवर टिपतात. मी काही बोलत नाही. ज्या वाटेने आज ऊन येतंय त्याच वाटेने महिन्याभरात पाणी येणार आहे, हे पाहुण्याला कशाला सांगा?

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कवडसे मोजायची सवय होती. ते प्राथमिक शाळेत मास्तर. मेची सुट्टी ही त्यांच्या लेखी छपरासाठीच दिलेली. दुपारी खडूचा तुकडा घेऊन ते घरभर फिरायचे आणि प्रत्येक कवडशाभोवती गोल काढायचे. ऊन सरलं तरी गोल राहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू. पण खालून दिसणारी फट वरून सापडत नाही, वरून सगळी कौलं सारखीच. म्हणून आई माळ्यावर उभी राहून फटीतून झावळीचा हीर वर सरकवायची. कौलांच्या त्या लाल उतारावर कुठेतरी एक काडी हलताना दिसायची. "दिसला का?" "दिसला!" की तेवढं कौल काढून दुसरं बसवायचं. वर जायचा तो मी. घरात सगळ्यात हलकं असेल त्याने वर चढायचं असा साधा नियम होता, आणि दहाव्या वर्षी तो मान माझ्याकडे होता. आज माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे.

हे सगळं आठवायचं कारण, गेल्या मेमध्ये छप्पर पुरतं उतरवून नवं घालायची वेळ आली. खरं म्हणजे ती पाच वर्षांपूर्वीच आली होती. ३ जून २०२० ला दुपारी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं तेव्हा आम्ही सगळे आपापल्या शहरांत टाळेबंदीत बसलो होतो. तीन दिवस गावात कुणाचा फोन लागेना. चौथ्या दिवशी वाडीतला एक मुलगा टेकावर रेंज शोधत गेला आणि तिथून त्याने निरोप दिला : "घर हाय. पुढचं पाखं न्हाय." इतकं नेमकं वर्तमान मी कुठल्या बातमीपत्रात ऐकलेलं नाही. मग पुढच्या पाख्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर कुणाचे तरी उतरवलेले जुने पत्रे आले. सगळं तात्पुरतं. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींना आयुष्य मोठं असतं. ते पत्रे पाच पावसाळे टिकले. उरलेलं मागचं पाखं मात्र खचत गेलं. वाशांना वाळवी लागली, आणि वानरांनी आढ्यावरून चिंचेवर उड्या मारण्याचा रोजचा रस्ता पाडला.

घरपट्टीच्या पावतीवर नावं सहा, त्यामुळे मतंही सहा. मोबाइलवर आमचा 'घर' नावाचा गट आहे. एरवी त्यात सणावारांच्या शुभेच्छांपलीकडे काही नसतं. छपराचा विषय निघाला आणि गट जागा झाला. डोंबिवलीचा चुलतभाऊ म्हणाला, लोखंडी पाइप टाका, वर रंगीत पत्रा टाका, विषय संपवा. विरारच्या बहिणीला कौलंच हवी होती, कारण पत्र्याखाली मेमध्ये माणूस भाजून निघतो आणि जूनमध्ये पावसाच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. काकू म्हणाल्या, देवीला कौल लावा. त्यांनी हे अगदी गंभीरपणे म्हटलं. आम्ही हसलो, पण कुणी नको म्हणालं नाही.

तालुक्याच्या गावातून एक ठेकेदार येऊन गेला. त्याने शिडी मागितली नाही. अंगणात उभं राहून भिंतीवर लाल ठिपका पाडणाऱ्या यंत्राने त्याने लांबी-रुंदी घेतली, बाराशे चौरस फूट म्हणाला, आणि पत्र्याचे दोन लाख चाळीस हजार सांगितले. तीन दिवसांत काम. घरात तो शिरलाच नाही. त्याच्या दृष्टीने घर म्हणजे छपराखाली नाइलाजाने असलेली वस्तू होती.

मला ते लागलं. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "आपलं छप्पर आपणच करू. पूर्वी आपणच करायचो की."

हे वाक्य आमच्या घराण्यात पिढीजात आहे. आमच्या घरचे नळे आम्हीच परतायचो, असं आण्णा सांगत, आजोबांनी सांगितलं म्हणून. ज्यांनी नळे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कुंभार चाकावर मातीची नळी काढायचा, ती उभी चिरून दोन पन्हळ्या करायचा आणि भाजायचा. हे नळे छपरावर एक उताणा, एक पालथा असे एकमेकांत अडकवत जायचे. खिळा नाही, खाच नाही, नुसत्या वजनावर बसलेले. वारा, मांजर, वानर, कशानेही ते सरकत. म्हणून दरवर्षी मृगाच्या आत सगळं छप्पर उतरवून, पालापाचोळा झाडून, फुटके बदलून पुन्हा लावायचं. ह्याला नळे परतणं म्हणत. त्याच्याही आधी गवताची शाकारणी होती, तीही दरसाल. म्हणजे छप्पर ही एकदा करून विसरायची गोष्ट नव्हतीच, शेतासारखी दरवर्षी करायची होती. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटला तर छप्परच नाही, वरच्या बिऱ्हाडाची फरशी आहे. ती गळली तर मी अर्ज लिहितो.

मधल्या काळात मंगळुरी कौलं आली. बासेल मिशनच्या जर्मन माणसांनी १८६५ मध्ये मंगळूरला नदीकाठच्या मातीपासून साच्यात दाबलेली चपटी, एकमेकांत खाचेने अडकणारी कौलं करायला सुरुवात केली. धर्मप्रसारासाठी आलेल्यांच्या हातून अख्ख्या पश्चिम किनाऱ्याचा रंग बदलला, हा त्या प्रसाराचा सगळ्यात टिकाऊ भाग असावा. आमच्याकडच्या कौलांच्या पोटावर इंग्रजी अक्षरं उमटवलेली आहेत. शाळेत इंग्रजी सुरू व्हायच्या आधी मी ती माळ्यावर उताणा पडून, अर्थ न कळता, पाठ केली होती. ही कौलं दरवर्षी परतावी लागत नाहीत. आण्णांचं खडू घेऊन फिरणं म्हणजे जुन्या मोठ्या कामाची उरलेली शेपटी होती.

तर 'आपणच करू' म्हणाल्यावर मी तयारीला लागलो. निवृत्त माणसाच्या हाती वही आणि पेन्सिल आली की तो धोकादायक होतो. शंभर चौरस फुटाला सुमारे दीडशे कौलं, म्हणजे बाराशेला अठराशे. एक कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे डोक्यावर साडेचार टन. हा आकडा लिहिला आणि मी वर पाहिलं. तेवढाच पत्रा पाचेकशे किलोंत होतो. साडेचार टन ओझं पेलतंय म्हणून तर ते वासे, ती तुळई, ते खांब एवढे जाड. आजवर मला ती जाडी श्रीमंतीची वाटत होती, ती नुसती गरज निघाली.

सुरुवात पडवीपासून करायची ठरवली. लहान उतार, जमिनीपासून दहा फूट, पडलो तरी फार तर पाय. भाच्याला हाताशी घेतलं. पत्रे उतरवले, जुन्या रिपा काढल्या, नव्या आणल्या. दोन रिपांमधलं अंतर साडेबारा इंच, हे मी वाचून आलो होतो. टेपने मोजत, पेन्सिलीच्या खुणा करत, मी रिपा ठोकल्या. अडीच दिवस गेले. कंबर गेली. अंगठ्याचं नख काळं झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी खालून वर कौलं लावायला घेतली तेव्हा पहिल्या चार रांगा झोकात बसल्या. सातव्या रांगेला कौल खाचेत बसताना कुरकुरायला लागलं. दहाव्या रांगेला ते बसेना. आमची जुनी कौलं ज्या कारखान्याची, त्याचं माप पाव इंचाने लहान होतं. पाव इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं. सोळा रांगांत ते चार इंच होतं.

मेस्त्री आले ते संध्याकाळी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, रस्त्याने जाताना दिसलं म्हणून वळले. सुतारकामाचे मेस्त्री, पासष्टीच्या घरातले, अंगाने काटक. आण्णांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी शिडीवर तीन पायऱ्या चढून पाहिलं, उतरले, बिडी पेटवली.

"भाऊ, रिपा कुणी ठोकल्या?"

"मीच."

"टेपवर?"

"हो."

"टेप छपरावर जानार हाय का ऱ्हायला?" मग खालचं एक कौल उचलून त्यांनी दुसऱ्याला अडकवलं, त्यांच्या दोन नाकांमधलं अंतर एका काठीवर घेतलं, आणि काठी तिथे कोयत्याने तोडली. "ह्ये माप. कौलाचं माप कौलाकडनं घ्यावं."

त्यांनी मला वर चढण्यापासून अडवलं नाही. नुसतं म्हणाले की तुमी वरनं पडलात तर गावात तोंड आमाला दाखवायला लागंल. मला ते अपमानासारखं वाटलं, म्हणून मी घराण्याचं वाक्य काढलं. आमच्या घरचे नळे आमच्या आजोबांच्या वेळी आम्हीच परतायचो, मेस्त्री.

ते काही वेळ बिडीकडे बघत होते. "तुमच्या आज्यानं न्हाय," ते म्हणाले, "माझ्या आज्यानं परतलेत."

आवाजात राग नव्हता. विहिरीचं पाणी कुठल्या बाजूने येतं हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. आमचं घर काही नावाजलेल्या खोतांचं नाही, पण चार कुळं होती. मेच्या शेवटी कुळांच्या घरचा एकेक माणूस आमच्या छपरावर यायचा. पेज मिळायची, आणि संध्याकाळी दोन नारळ. मजुरी नाही. आमचं झालं की मग ते आपापल्या घराकडे वळायचे. मृग आधी आला तर त्यांचं घर गळायचं. "आजी सांगायची, आमच्या घरात टोपल्या डोक्यावर घेऊन बसायचे पोरं." पुढे १९४९ मध्ये खोती उठवायचा कायदा झाला, नंतर कूळकायद्याने जमिनी कुळांच्या नावावर गेल्या, आणि कुणी फुकट वर चढेना. मेस्त्रींच्या मते आमच्याकडे मंगळुरी कौलं आली ती त्यामुळे. दरवर्षी परतायला माणसं उरली नाहीत, म्हणून न परतावी लागणारी कौलं. आण्णा सांगायचे की आजोबांना नव्याची हौस होती. दोन्ही खरं असेल. हौसेला निमित्त लागतंच.

त्या रात्री मला झोप आली नाही. पडवीवर छप्पर नव्हतं, तिथेच चटई टाकून पडलो होतो. आढ्याकडे डोळे लावून पडणे म्हणतात, पण आढंच नव्हतं, सरळ चांदण्या. 'आम्ही' ह्या शब्दात किती माणसं मावतात आणि हिशोबाच्या वेळी किती बाहेर पडतात, हे मराठीत राहून चटकन कळत नाही. आम्ही विहीर खणली, आम्ही घर बांधलं, आम्ही नळे परतले. क्रियापदाला बिचाऱ्याला काय माहीत हात कुणाचे. माझी लहानपणची ती दोन-चार फुटकी कौलं सोडली, तर आमच्या घराण्यातला कुणी अख्ख्या पाख्यावर कधी चढला असेल, असं मला अंधारात तरी आठवेना. आणि मी त्या परंपरेचा वारस म्हणून अंगठ्याचं नख काळं करून घेतलं होतं.

देवीला कौल लावला गेला तो दुसऱ्या दिवशी, काकूंच्या समाधानासाठी. कौल हा शब्द दोन्हीकडे एकच आहे, ह्याची गंमत मला तिथे उभं असताना वाटली. देवीचा कौल, मतदारांचा कौल, पूर्वीच्या राज्यांत रयतेला दिलेला कौलनामा, हा सगळा अरबी 'कौल', म्हणजे दिलेला शब्द. डोक्यावरचं कौल नपुंसकलिंगी, मातीचं. दोन्ही लावतात, दोन्ही भिजू नये म्हणून. गुरवाने मूर्तीवर कळ्या लावल्या. उजवी पडली तर मेस्त्री, डावी पडली तर ठेकेदार. आपण स्वतः करावं हा पर्याय काकूंनी देवीपुढे मांडलाच नाही. अर्धा तास गेला. एकही कळी हलली नाही. शेवटी गुरव म्हणाला, "देवी म्हणते, तुमचं तुम्ही बघा." मला वाटतं इतका योग्य निकाल आम्हाला दुसरीकडे मिळाला नसता.

काम मेस्त्रींना दिलं. दहा हजार कमी-जास्त, ठेकेदाराच्या आकड्याइतकंच झालं, आणि तीनऐवजी नऊ दिवस लागले. मेस्त्री आणि त्यांची तीन माणसं. मागच्या पाख्याची कौलं अख्खी उतरवली. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघितलं : टणटणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला. अठराशेपैकी हजारएक निघाली, बाकीची चिपळूणकडच्या एका उतरवलेल्या घरातून आणली. वाळवी लागलेले सात वासे बदलले. जुन्या वाशांना काजूच्या टरफलांचं काळं तेल फासलं. ते हाताला लागलं तर कातडी सोलून निघते, म्हणून आधी हाताला खोबरेल चोळायचं, हे मला दोन बोटं सोलल्यावर सांगण्यात आलं.

मी होतोच. मी ब्रशने कौलांवरचं शेवाळ घासलं. अंगणातून शिडीपर्यंत, शिडीवरून दुसऱ्या हातात, अशा साखळीत खालून दुसरा मी. मेस्त्रींनी एकदा, एकदाच, मला वर बोलावलं, सकाळी आठच्या आत, कौलं तापायच्या आधी. अनवाणी. दोन कौलं जिथे एकमेकांवर येतात तिथेच पाय आडवा टाकायचा, खाली रीप असते. पहिलं पाऊल टाकताना पावलाच्या तळव्याला जे कळलं ते पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं होतं, वजन तेवढं नवं होतं. वरून समुद्र दिसतो, हे मी विसरलो होतो. आढ्यावर एक पाय इकडे, एक तिकडे टाकून मेस्त्री बसले होते, आणि मी त्यांच्या खाली दोन हातांवर. आण्णांच्या घरात, आण्णांच्या मुलाने, पूर्वीच्या कुळाच्या नातवाला कौल देताना दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही होतं असं नाही. "जरा पुसून द्या," एवढं मात्र ते म्हणाले.

कपाटाशेजारच्या कवडशाच्या जागी मी काचेचं कौल मागितलं. मेस्त्रींना ते थेर वाटलं. तरी लावलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी वहीच्या फाडलेल्या पानावर हिशोब लिहून दिला. वासे सात, रिपा, खिळे, चुना, कौलांची किंमत, गाडीभाडं, चार माणसांच्या हजेऱ्या. माझ्या हिशोबाने मी नऊही दिवस राबलो होतो, पडवीचे अडीच दिवस वेगळेच. पानाच्या तळाशी, बेरजेच्या वर, एक ओळ होती : मदतनीस, दीड दिवस, ९०० रुपये वजा.